बत्तीस कुठून आले?

उष्णतेचा धडा शिकवताना सेल्सिअसचे फॅरनहाइट करण्याचे सूत्र फळ्यावर लिहिले जाते, किमती घालून चार उदाहरणे सुटतात आणि धडा संपतो. आमची तक्रार सूत्राविषयी नाही. ते कुठून आले हे सांगितले जात नाही, याविषयी आहे.

परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावचा एखादा विद्यार्थी घ्या. उन्हाळ्यात वर्तमानपत्रात ‘परभणी ४२ अंश’ असे तो वाचतो, ते सेल्सिअस असतात. त्यालाच ताप आला की घरचे ‘एकशे दोन’ म्हणतात, ते फॅरनहाइट. दोन्ही पट्ट्या त्याच्या घरात आहेत, पण गाइडातील उदाहरणांत नाहीत. उद्या अंकीय तापमापकावर ३८.९ उमटले आणि ‘शंभराच्या आत आहे’ म्हणून कोणी स्वस्थ बसले, तर? हा ताप १०२ च आहे.

खरे तर समजावणे अवघड नाही. फळ्यावर दोन पट्ट्या शेजारी काढाव्यात. बर्फ वितळते तिथे एकीकडे ०, दुसरीकडे ३२. नेहमीच्या हवेच्या दाबाला पाणी उकळते तिथे १०० व २१२. तेच अंतर एकीकडे १०० भागांत, दुसरीकडे १८० भागांत. म्हणून ९/५ ने गुणायचे. आणि शून्यासमोर ३२ आहे म्हणून ३२ मिळवायचे. तोंडी हिशेबासाठी दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा भाग वजा करा, ३२ मिळवा. ४२ चे ८४, वजा ८.४, म्हणजे ७५.६, अधिक ३२, १०७.६.

नुसत्या पाठांतराने फसगत होते ती फरकाच्या प्रश्नात. ‘तापमान २ अंश सेल्सिअसने वाढले’ म्हणजे फॅरनहाइटमध्ये किती? सूत्रात २ घालणारा ३५.६ सांगेल. उत्तर ३.६ आहे. वाढ मोजताना दोन्ही टोकांचे ३२ एकमेकांतून वजा होतात.

दशांशचिन्हापुढील आकड्याचेही तसेच. जर्मन वैद्य वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये निरोगी शरीराचे सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस सांगितले. त्याचे रूपांतर ९८.६ झाले आणि त्या ‘.६’ मुळे तो आकडा फार काटेकोर वाटू लागला. १९९२ साली अमेरिकेत १४८ निरोगी प्रौढांची तपासणी झाली, तेव्हा सरासरी ९८.२ आली. रूपांतराने मापनाची अचूकता वाढत नाही, हे कोणते उदाहरण शिकवते?

शिक्षकांनी चारांपैकी एक उदाहरण तरी गाळून त्याजागी एवढेच विचारावे: बत्तीस कुठून आले, आणि ते कधी मिळवायचे नाहीत?