दांडा ओढायचा की ढकलायचा?

‘स्टिक अँड रडर’, लेखक : वुल्फगांग लँगविश (इंग्रजी, १९४४)

देगलूरला अकरावीच्या वर्गात आम्ही एकदा एक प्रश्न विचारला. एक छोटे विमान जमिनीपासून फार उंच नाही. त्याचा वेग कमी होत गेला आणि ते खाली जाऊ लागले. हातातला दांडा मागे ओढला तर नाक वर होते, पुढे ढकलला तर खाली. तुम्ही काय कराल? बहुतेकांनी उत्तर दिले, ‘मागे ओढू.’ हे पुस्तक वाचेपर्यंत आम्हीही तेच म्हटले असते. आणि हे उत्तर जिवावर बेतणारे आहे.

ते का चुकते, हे लँगविश फार साधेपणाने सांगतात. पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून हवा पंखाला वर ढकलते. हे बल वेगावर आणि पंखाने समोरच्या वाऱ्याशी केलेल्या कोनावर अवलंबून असते. कोन वाढवला की बल वाढते, पण सुमारे १५ अंशांपर्यंतच. त्यापुढे हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून वाहत नाही आणि बल एकदम घटते. यालाच स्टॉल म्हणतात. त्याचा इंजिन बंद पडण्याशी संबंध नाही. अशा वेळी दांडा ओढला तर कोन आणखी वाढतो. ढकलला तरच पंख पुन्हा काम करू लागतो.

अल्ट्रालाइट विमानांत हा धडा अधिकच महत्त्वाचा ठरतो. ही विमाने वजनाने हलकी असतात आणि अनेकांत उघड्या तारा व नळ्या वाऱ्याला अडवतात. इंजिन थांबताच त्यांचा वेग क्षणात उतरतो. जड विमानात विचाराला थोडा वेळ मिळतो, इथे हाताला आधीच ठाऊक असावे लागते. वळतानाही सावधपणा हवा. विमान ६० अंश कलवून उंची न गमावता वळवले, तर सरळ उड्डाणात ताशी ६० किलोमीटरला होणारा स्टॉल सुमारे ८५ लाच होतो. अमेरिकेत १९८२ च्या नियमांनुसार २५४ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ११५ किलोपेक्षा, कमी वजनाचे एक आसनी विमान उडवायला परवानाच लागत नाही. तिथे चांगला शिक्षक मिळणे हीच खरी सुरक्षितता.

मग चांगले प्रशिक्षण कोणते? आधी फळ्यावर कोनाचे चित्र स्पष्ट करायचे, मग पुरेशा उंचीवर नेऊन शिक्षकाच्या देखरेखीखाली मुद्दाम स्टॉल घडवायचा. इंजिनाची शक्ती पुनःपुन्हा कमी करून ‘आधी नाक खाली’ हे अंगवळणी पाडायचे. केवळ उड्डाणाचे तास मोजून हे साधत नाही. विद्यार्थ्याची चुकीची समजूत आधी बाहेर काढायची आणि मग ती मोडायची, ही लँगविश यांची पद्धत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते.

पुस्तकात उणिवाही आहेत. तोच मुद्दा फिरून फिरून येतो. सुकाणूची गरजच नसलेली विमाने पुढे रूढ होतील अशी लेखकाची अपेक्षा होती; ती फळली नाही. वैमानिकाला बर्नुलीचा उपयोग नाही, हे त्यांचे म्हणणे वैमानिकापुरते ठीक. पण पंखाच्या वर-खाली असणारा दाबातील फरक आणि हवेचे खाली ढकलले जाणे या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. शिक्षकाने दोन्ही सांगाव्यात.

आमचा स्वतःचा दोष मात्र याहून मोठा. ‘वरचा मार्ग लांब, म्हणून वरची हवा वेगाने जाऊन खालच्या हवेला त्याच वेळी गाठते,’ असे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. प्रत्यक्षात वरची हवा आधीच पुढे निघून जाते. मुलांनी ते पाठ केले, गुण मिळवले आणि दांड्याच्या प्रश्नाला चुकीचे उत्तर दिले.

एन.सी.सी.च्या हवाई विभागातील छात्रांना मायक्रोलाइट विमानात बसण्याची संधी मिळते. आपल्या वर्गातला एखादा उद्या तिथे असेल. त्याच्यासाठी एवढे तरी करावे. टेबलफॅनसमोर पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरून त्याची पुढची कड हळूहळू उचलायला सांगावे. आधी पुठ्ठा वर उचलला जातो. फार तिरका केला की वारा त्याला नुसताच मागे रेटतो. हा फरक हाताला कळला, की मग वर्गाला तोच प्रश्न पुन्हा विचारावा.