रस्त्यांचे जाळे, नगररचना आणि रोगप्रसार : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक :
सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि दाट वस्ती व अरुंद गल्ल्या यांना रोगाचे कारण मानले जाऊ लागले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. बेघर झालेल्यांपैकी अनेकांनी मात्र शेजारच्याच वस्त्यांत आसरा घेतला आणि तेथील दाटी वाढली. रोगाचे उत्तर नकाशात शोधण्याची ही दृष्टी आजही टिकून आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात तिचे बळ व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

'प्रभावी अंतर' ही संकल्पना :
डिर्क ब्रॉकमन व डिर्क हेलबिंग यांनी २०१३ मध्ये 'प्रभावी अंतर' ही संकल्पना मांडली. दोन ठिकाणांतील अंतर किलोमीटरमध्ये न मोजता प्रवाशांच्या ये-जा करण्याच्या प्रमाणावरून मोजल्यास साथ कोठे केव्हा पोहोचेल याचा अंदाज अधिक नेमका येतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यवतमाळचा अनुभव या मताला पुष्टी देतो. दीर्घकाळ या शहराला मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या 'शकुंतला' या नॅरोगेज रेल्वेचाच आधार होता. त्यामुळे ते आडवाटेचे मानले गेले. तरीही मार्च २०२० मध्ये राज्यात कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले त्याच महिन्यात दुबईहून परतलेल्या प्रवाशांमुळे यवतमाळचे नाव त्या यादीत आले. विमानमार्गाने दुबई जवळची ठरली. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरून जातो. वणीचा कोळसा आणि परिसरातील कापूस ट्रकनेही बाहेर पडतो. अशा जिल्ह्याला अलिप्त म्हणता येत नाही.

संकल्पनेच्या मर्यादा :
तथापि, रोग केव्हा येतो एवढेच या संकल्पनेतून कळते. तो का मुरतो, हे कळत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह प्रकल्पांतील साठा आटल्याने यवतमाळ शहरात तीव्र पाणीटंचाई निर्माण झाली. नळाला अनेक दिवस पाणी नसेल, तर घरोघरी पिंप, टाकी व रांजण भरून ठेवावे लागतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. विषाणू माणसाबरोबर रस्त्याने येऊ शकतो. परंतु त्याला घर मिळते ते नळयोजनेच्या अपयशामुळे. रस्त्यांचा नकाशा हे दाखवत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. या दृष्टीत संपर्क हा धोका ठरतो आणि दुर्गमता हे जणू संरक्षण. मारेगाव, झरी-जामणी, केळापूर व घाटंजी तालुक्यांतील कोलाम पोडांकडे पाहिल्यास हे गृहीतक टिकत नाही. पोडापर्यंत पक्का रस्ता नसेल, तर पावसाळ्यात तापाने फणफणलेले मूल किंवा अडलेली बाळंतीण प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळेत पोहोचत नाही. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तर आणखी दूर राहते. साथ उशिरा पोहोचते म्हणून मृत्यू कमी होतातच असे नाही. लस, औषध व आरोग्यसेविका यांनाही तोच चिखल तुडवावा लागतो.

समारोप :
सारांश, रस्त्याला आरोपी ठरवणारी मांडणी अपुरी आहे. ती साथीचा वेग सांगते. पण त्या वेगाची किंमत कोण मोजते, हे तिला सांगता येत नाही. जिल्ह्याच्या नियोजनात दोन अंतरे एकत्र मोजली गेली पाहिजेत : रोग गावात किती दिवसांत पोहोचतो आणि रुग्ण दवाखान्यात किती तासांत पोहोचतो. पहिले अंतर वाढवण्यासाठी नाकाबंदी करता येते, आणि तीही काही काळच. दुसरे कमी करण्यासाठी रस्ता बांधावा लागतो. पोडांवरील माणसांच्या दृष्टीने दुसरे अंतर पहिल्याइतकेच, किंबहुना अधिक, निर्णायक आहे.