मराठा आरमाराचे इतिहासलेखन

मराठ्यांच्या आरमाराचा उदय, विस्तार व ऱ्हास यांविषयी अठराव्या शतकापासून झालेले ग्रंथलेखन व त्याचे मूल्यमापन. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीचा प्रदेश घेतल्यानंतर आरमाराची उभारणी सुरू झाली. पेशव्यांचे आरमार १८१८ पर्यंत व आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० पर्यंत टिकले. या दीर्घ कालखंडावरील ग्रंथांची संख्या मराठ्यांच्या भूदलावरील ग्रंथांच्या मानाने अल्प आहे. त्यांचे मोल ठरविताना लेखकाने आरमाराची स्तुती केली की निंदा, यापेक्षा त्याने कोणाचे दप्तर वापरले व समुद्राची परिस्थिती कितपत जाणली, हे पाहणे अगत्याचे ठरते. समुद्रावर रणक्षेत्राच्या खुणा राहत नाहीत. लढाईची हकीकत लिहिणारा बहुधा एका पक्षाच्या जहाजावर असतो आणि ती हकीकत त्याच पक्षाच्या दप्तरात जतन होते.

साधने : मराठी साधनांत आज्ञापत्राचे महत्त्व विशेष आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या या ग्रंथातील आरमारविषयक प्रकरणात जहाजांची योजना, खलाशांचे वेतन, सागवान आदी लाकडाची तजवीज, रयतेच्या फळझाडांचे रक्षण व सावकारी तारवांशी ठेवावयाचे वर्तन यांचा विचार आढळतो. सभासदाच्या बखरीत सु. चारशे जहाजांचा उल्लेख आहे. तर १६६५ च्या बसरूर मोहिमेसंबंधी इंग्रज वखारवाल्यांनी तीन मोठी व ८५ लहान जहाजे नोंदविली. या दोन आकड्यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. पहिला आकडा लहानमोठ्या सर्व तारवांचा व दुसरा एका मोहिमेचा आहे. अशा आकड्यांचा हा भेद स्पष्ट न करता त्यांतील सोयीचा तेवढा उद्‌धृत करणे, हा या विषयावरील लेखनातील नेहमीचा दोष होय. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड (१९३०–३४) व इंग्लिश रेकॉर्ड्‌स ऑन शिवाजी (१९३१) हा संग्रह यांमुळे दोन्ही पक्षांची पत्रे शेजारी ठेवून वाचणे शक्य झाले. पोर्तुगीज कागदपत्रांचा परिचय मुख्यत्वे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी करून दिला. त्यांचा पोर्तुगेज-मराठे संबंध हा ग्रंथ १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने मराठीत प्रसिद्ध केला.

इंग्रजी ग्रंथ : क्लेमंट डाउनिंग हा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरीस होता. कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) यांच्याविरुद्धच्या मोहिमांची त्याने लिहिलेली हकीकत १७३७ मध्ये प्रसिद्ध झाली. फसलेल्या मोहिमांतील ढिसाळपणा तो लपवीत नाही, हा तिचा गुण. प्रतिपक्षाच्या हेतूंविषयी मात्र ती विश्वसनीय नाही. रॉबर्ट ऑर्मच्या इतिहासात (पहिला खंड, १७६३) गुराब व गलबत या जहाजांचे वर्णन आहे. गुराबा बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्यांच्या. तीन डोलकाठ्यांच्या सु. ३०० टनांच्या व इतर सु. १५० टनांच्या; गलबते क्वचितच ७० टनांहून मोठी व ४०-५० वल्ह्यांची, असे तो सांगतो. हे वर्णन उत्तरकालीन ग्रंथांत वारंवार येते. ते अठराव्या शतकाच्या मध्यातील आंग्र्यांच्या जहाजांचे आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या शिवकालीन आरमारास ते तसेच लावणे सयुक्तिक नाही.

ग्रँट डफच्या इतिहासात (१८२६) आरमारास गौण स्थान आहे. चार्ल्स रॅथबोन लो याचा हिस्टरी ऑफ द इंडियन नेव्ही (१८७७) हा द्विखंडात्मक ग्रंथ तपशिलांनी समृद्ध असला, तरी तो लेखकाने स्वतः ज्या नौदलात नोकरी केली, त्याचा गौरवग्रंथ आहे. जॉन बिडल्फच्या द पायरेट्स ऑफ मलबार (१९०७) या ग्रंथात कॅप्टन किड याच्यासारखे यूरोपीय चाचे व कान्होजी आंग्रे एकाच मालिकेत येतात. कंपनीच्या दप्तरातील ‘चाचे’ हा शब्द लेखकाने वर्णन म्हणून स्वीकारला. वस्तुतः तो एका वादातील पक्षकाराचा दावा होता. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून कार्ताझ नावाचे परवाने विकत व ते नसलेली जहाजे पकडीत. कान्होजींनी तेच तत्त्व कोकणच्या किनाऱ्यावर लागू केले. त्यांचे सरखेलपद छत्रपती शाहूंनी १७१३ मध्ये मान्य केले होते. तेव्हा प्रश्न चाचेगिरीचा नसून त्या समुद्रावर कर घेण्याचा अधिकार कोणाचा, हा होता. याचा अर्थ आंग्र्यांच्या नाविकांनी केलेली प्रत्येक धरपकड न्याय्य होती, असा मात्र नव्हे.

भारतीय ग्रंथ : राधाकुमुद मुखर्जी यांच्या इंडियन शिपिंग (१९१२) या ग्रंथाने भारतीयांना नाविक परंपरा नव्हती, हा समज दूर करण्यास साहाय्य केले, त्याचा आवाका मोठा असल्याने मराठा आरमाराचा विचार त्यात संक्षेपानेच येतो. सुरेंद्रनाथ सेन यांच्या द मिलिटरी सिस्टिम ऑफ द मराठाज (१९२८) या ग्रंथातील आरमारविषयक भाग हा या विषयाच्या चिकित्सक अभ्यासाचा पाया होय. दा. गो. ढबू यांचा कुलाबकर आंग्रे सरखेल (१९३९) हा मराठी ग्रंथ घराण्याच्या इतिहासासाठी उपयुक्त आहे. मनोहर माळगावकर यांचे कान्होजी आंग्रे यांच्यावरील इंग्रजी चरित्र (१९५९) सर्वाधिक वाचनीय. परंतु निवेदनाच्या ओघात साधनांची चर्चा मागे पडते आणि चाचा ठरविलेल्या पुरुषाच्या जागी वीरपुरुष उभा राहतो. भा. कृ. आपटे यांचा ए हिस्टरी ऑफ द मराठा नेव्ही अँड मर्चंटशिप्स (१९७३) हा ग्रंथ लढाऊ जहाजांबरोबर व्यापारी तारवांचाही विचार करतो, हे त्याचे वैशिष्ट्य. लक्ष्मी सुब्रमण्यन यांच्या द सॉव्हरिन अँड द पायरेट (२०१६) या ग्रंथाचा विषय मुख्यत्वे काठेवाड-कच्छचा किनारा असला, तरी ‘चाचा’ ही संज्ञा कंपनीच्या सत्तेबरोबर कशी घडत गेली, याचे त्यातील विवेचन मराठा आरमाराच्या अभ्यासासही मार्गदर्शक आहे.

मूल्यमापन : या ग्रंथांची कसोटी पाहण्यास दोन प्रसंग विशेष उपयुक्त आहेत. पहिला खांदेरीचा. ऑगस्ट १६७९ मध्ये मराठ्यांनी मुंबईनजीकच्या या बेटावर तटबंदी सुरू केली. १८ ऑक्टोबरच्या चकमकीत इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती पडले. परंतु ‘रिव्हेंज’च्या तोफांपुढे मराठ्यांच्या तारवांना माघार घ्यावी लागली. केवळ या चकमकीकडे पाहणारा लेखक इंग्रजांचा जय सांगतो, तर ‘डव्ह’चाच उल्लेख करणारा मराठ्यांचा. दोघांचीही दृष्टी अपुरी आहे. इंग्रजांचा हेतू बेटाची रसद तोडण्याचा होता. उथळ पाण्यातून रात्री ये-जा करणाऱ्या लहान होड्यांना त्यांची मोठी जहाजे अडवू शकली नाहीत, हे त्यांच्याच पत्रांवरून दिसते. अखेर खांदेरी मराठ्यांकडे राहिली. प्रतिपक्षाचे कागद काळजीपूर्वक वाचल्यास लिहिणाऱ्यास अभिप्रेत नसलेले सत्यही देतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरा प्रसंग विजयदुर्गाच्या पाडावाचा. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनी पेशव्यांच्या सहकार्याने तुळाजी आंग्रे यांचा पराभव केला व त्यांचे आरमार जळाले. अनेक ग्रंथ मराठा आरमाराची कथा येथेच संपवितात आणि त्याचा सर्व दोष नानासाहेब पेशव्यांना देतात. पेशव्यांची अदूरदृष्टी नाकारता येत नाही. परंतु जळाले ते आंग्र्यांच्या एका शाखेचे आरमार होते. पेशव्यांचे आरमार पुढेही कार्यरत राहिले व आनंदराव धुळप यांनी एप्रिल १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज पकडले. या उत्तरकालाची दखल न घेणारा ग्रंथ ऱ्हासाची मीमांसा पूर्ण करू शकत नाही.

अ‍ॅल्फ्रेड माहान याच्या १८९० मधील सुप्रसिद्ध ग्रंथाने महासागरावरील आरमारांच्या निर्णायक लढाया हा नाविक सामर्थ्याचा मापदंड रूढ केला. जलदुर्ग, खाड्या व उथळ किनारा यांच्या आश्रयाने लढणाऱ्या आणि पावसाळ्यात जहाजे किनाऱ्यास ओढून ठेवणाऱ्या आरमारास तो जसाच्या तसा लागू पडत नाही. तथापि किनाऱ्यापासून दूर टिकणारी मोठी जहाजे मराठ्यांनी पुरेशा प्रमाणात बांधली नाहीत व तोफांसाठी ते बऱ्याच अंशी यूरोपीयांवर अवलंबून राहिले, ही उणीव सांगणेही इतिहासकाराचे कर्तव्य आहे. दर्यासारंग, दौलतखान, मायनाक भंडारी हे सरदार आणि कोळी, भंडारी, मुसलमान खलाशी यांच्या नाविक कौशल्याचा, तसेच सुतारकामाचा व लाकूडपुरवठ्याचा स्वतंत्र विचार फार थोड्या ग्रंथांत आढळतो. गिर्ये येथील गोदीसारखे अवशेष आणि मराठी, पोर्तुगीज व इंग्रजी दप्तरे यांची एकत्र छाननी करणारा ग्रंथच या आरमारास चाचेगिरी व वीरगाथा या दोन्ही टोकांपासून सोडवून इतिहासात त्याचे उचित स्थान देऊ शकेल.