दगडातील लाकूड

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील ‘तेली का मंदिर’ पाहताना प्रथम बुचकळ्यात टाकते ते त्याचे माथे. निमुळते शिखर नाही. उपड्या घातलेल्या पडावासारखे लांबट, अर्धगोल छप्पर! कार्ल्याचे बौद्ध चैत्यगृह ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही ओळख तत्काळ पटेल. तेथे दगडी छताखाली लाकडी कमानी अद्याप आहेत. येथे सुतार गेला, त्याचा आकार पाथरवटाने जपला. चीनमधील फोक्वांग विहाराचा ८५७ सालचा मंडप साधारणतः याच युगातला. तेथे खांब, तुळया व ठोकळे खाचांत गुंतवून छपराचा भार पेलला आहे. लाकूड आपले कामच करते. ग्वाल्हेरचा दगड लाकडाची केवळ आठवण सांगतो. वकिलाच्या भाषेत हा ऐकीव पुरावा. तरी छपरापुरता मी तो ग्राह्य धरतो. भिंतीवर कोरलेली गवाक्षे मात्र निव्वळ नक्षी झाली आहेत: कार्ल्याच्या महागवाक्षातून उजेड आत येतो, यांतून वाराही नाही.