कॅनव्हासवरील शिवछत्रपति

दिवाणखान्याच्या शोभेकरितां शिवछत्रपतींचीं छापील कॅनव्हासचित्रें हल्लीं पुष्कळ विकलीं जातात. श्रद्धेस आमचा विरोध नाहीं. आक्षेप आहे तो साधनाच्या हेळसांडीवर. ॲम्स्टरडॅम येथील रेइक्सम्युझियमच्या विट्सेन-संग्रहांतील महाराजांचें गोवळकोंडा शैलीचें चित्र सुमारें १६८६ चें, कागदावरील व लहान आकाराचें आहे. असें चित्र फुगवून, त्यास तैलरंगाचा आभास देऊन, मूळ न सांगतां विकणें म्हणजे पुराव्याची शोभेची वस्तु करणें होय. एके काळीं इब्राहिमखानाचें चित्र महाराजांचें म्हणून प्रसृत झालें होतें. १९३३ सालीं श्री. वा. सी. बेंद्रे यांनीं अस्सल चित्र उजेडांत आणिलें, तेव्हां तो भ्रम फिटला. तशी चूक पुन्हां न व्हावी. चित्राच्या पाठीवर मूळ संग्रह, काल व माप एवढें छापावें, इतकेंच आमचें मागणें आहे.