शोध आणि कल्पना : लेव्ही यांच्या पर्ल-हत्येवरील ग्रंथाचे परीक्षण

घडलेल्या गुन्ह्याचा वेध घेणारा ग्रंथ निकालपत्राहून वेगळा असतो, तसाच तो कादंबरीहूनही वेगळा असतो. निकालपत्राला पुराव्याच्या पलीकडे जाता येत नाही. कादंबरीला पुराव्याची गरजच नसते. या दोहोंच्या मधल्या भूमीवर उभा राहणारा लेखक कोणते दायित्व पत्करतो, हा प्रश्न बेर्नार-आंरी लेव्ही या फ्रेंच तत्त्वचिंतकांच्या ‘डॅनियल पर्लला कोणी मारले?’ या ग्रंथाच्या निमित्ताने विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. २००३ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेला आणि त्याच वर्षी इंग्रजीत आलेला हा ग्रंथ बराच वाचला गेला व त्याहून अधिक वादग्रस्त ठरला.

मूळ घटना सर्वपरिचित आहे. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या अमेरिकन दैनिकाचे दक्षिण आशियाचे प्रतिनिधी डॅनियल पर्ल यांचे ठाणे मुंबईत होते. बुटात स्फोटके दडवून विमान उडवू पाहणाऱ्या रिचर्ड रीडच्या पाकिस्तानातील संबंधांचा माग काढीत ते कराचीत आले. शेख मुबारक अली गिलानी यांची भेट घडवून देण्याच्या मिषाने २३ जानेवारी २००२ रोजी त्यांचे अपहरण झाले. ग्वांतानामो येथील पाकिस्तानी कैद्यांविषयीच्या आणि लढाऊ विमानांविषयीच्या मागण्या मांडणारे संदेश आले. फेब्रुवारीत हत्येची चित्रफीत हाती आली. मे महिन्यात कराचीच्या सीमेवर त्यांचा छिन्न देह सापडला. अपहरणाचा सूत्रधार म्हणून लंडनमध्ये जन्मलेल्या ओमर शेखला जुलै २००२ मध्ये मृत्युदंड ठोठावण्यात आला.

निकाल लागला, तेथून लेव्ही यांचा शोध सुरू होतो. कराची, लंडन, सारायेव्हो, कंदहार, दिल्ली, दुबई अशा ठिकाणी फिरून त्यांनी जे जमविले त्याची मांडणी प्रथम पर्ल, मग ओमर, आणि त्यानंतर पाकिस्तानी राज्ययंत्रणा व अल्-कायदा अशा क्रमाने केली आहे. आपल्या रचनाप्रकाराला त्यांनी कादंबरी आणि तपास या अर्थाचे दोन फ्रेंच शब्द जोडून ‘रोमांकेत’ असे नाव दिले. जेथे तथ्ये मिळतात तेथे केवळ तथ्ये, आणि जेथे ती संपतात तेथे कल्पना, असा या प्रकाराचा करार आहे.

ग्रंथाचे सर्वांत सबळ अंग म्हणजे ओमर शेखचे चरित्र. दारिद्र्य आणि अज्ञान यांतून दहशतवाद जन्मतो, ही सोयीस्कर उपपत्ती या चरित्रापुढे टिकत नाही. ओमर सुस्थित घरातला, उत्तम शाळेत शिकलेला आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश मिळविलेला विद्यार्थी होता. १९९३ साली बोस्नियातील मुसलमानांसाठी मदत नेणाऱ्या पथकाबरोबर तो निघाला आणि तेथून त्याचे आयुष्य वळले. १९९४ साली भारतात पाश्चात्त्य पर्यटकांचे अपहरण केल्याबद्दल तो पकडला गेला. डिसेंबर १९९९ मध्ये कंदहारला नेलेल्या भारतीय विमानातील प्रवाशांच्या मोबदल्यात त्याची सुटका झाली. लेव्ही यांनी बोस्नियाचा प्रश्न स्वतः हिरिरीने मांडला होता. ज्या अन्यायाने आपण व्यथित झालो त्याच अन्यायाने हा तरुणही व्यथित झाला आणि तरीही तो खुनाकडे गेला, ही जाणीव या भागाला नैतिक गांभीर्य देते. दहशतवादाचे मूळ परक्या, मागास प्रदेशात शोधण्याची सवय येथे मोडते.

ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त मात्र वेगळा आहे. पाकिस्तानी गुप्तहेर खाते, जिहादी संघटना आणि अण्वस्त्रशास्त्रज्ञ यांच्यातील संबंध पर्ल यांच्या दृष्टीस पडू लागले होते, म्हणून त्यांना मारण्यात आले, असे लेव्ही सुचवितात. या सूचनेला काही आधार निश्चित आहे. डिसेंबर २००१ मध्ये पर्ल यांनी याच विषयांना स्पर्श करणारे वृत्तलेखन केले होते. ओमर ५ फेब्रुवारी २००२ रोजी पंजाब प्रांताच्या गृहसचिवांना शरण गेला. हे गृहस्थ पूर्वी गुप्तहेर खात्यात अधिकारी होते. अटक जाहीर झाली ती १२ फेब्रुवारीस. मधल्या आठवड्याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळत नाही, हे लेव्ही योग्य रीतीने निदर्शनास आणतात.

परंतु स्पष्टीकरण न मिळणे हा संशयाचा आधार होतो, सिद्धीचा नव्हे. २००४ साली अब्दुल कादीर खान यांनी अण्वस्त्रतंत्र परदेशी पुरविल्याची कबुली दूरचित्रवाणीवरून दिली, तेव्हा लेव्ही यांची सर्वसाधारण भीती निराधार नव्हती हे दिसून आले. मात्र सर्वसाधारण विधान खरे ठरल्याने विशिष्ट विधान सिद्ध होत नाही. अण्वस्त्रांचा व्यापार होत होता, यावरून पर्ल यांची हत्या त्याच कारणाने झाली असा निष्कर्ष निघत नाही.

याच बिंदूवर रचनाप्रकाराचा दोष उघड होतो. लेव्ही पर्ल यांच्या अखेरच्या क्षणांतील विचार कल्पितात, ओमरच्या मनातही शिरतात. कल्पनेने रेखाटलेला हा माणूस वाचकाच्या मनात एकदा स्थिर झाला, की पुढे हेतूची चर्चा चालताना तो साक्षीदारासारखा उभा राहतो. मराठी वाचकाला ऐतिहासिक कादंबरीच्या निमित्ताने हा पेच परिचित आहे. तथापि तेथे काळाचे अंतर असते आणि आरोपी जिवंत नसतात. येथे खटल्याची अपिले अद्याप प्रलंबित होती आणि मृताची पत्नी हयात होती. शिवाय ज्याच्या स्मृतीला ग्रंथ अर्पण झाल्यासारखा आहे, त्या पत्रकाराच्या व्यवसायाचा पहिला नियमच असा, की न पाहिलेले पाहिल्याप्रमाणे सांगू नये.

विल्यम डालरिंपल यांनी २००३ च्या अखेरीस लिहिलेल्या परीक्षणात या ग्रंथातील तपशिलाच्या चुका दाखविल्या आणि पाकिस्तानी समाजाच्या चित्रणातील तिरस्कारावरही बोट ठेवले. दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. संपूर्ण कराची शहर कटाचा भाग भासू लागले, तर कटातील विशिष्ट व्यक्तींची जबाबदारी पुसट होते. त्या शहरातील अनेक पत्रकारांनी आणि पोलीस अधिकाऱ्यांनी याच प्रकरणाचा माग जोखीम पत्करून काढला होता.

नंतरच्या तपासाने चित्र बदलले. मार्च २००७ मध्ये खालिद शेख मोहम्मदने आपण स्वतः पर्ल यांचा शिरच्छेद केल्याचे सांगितले. कोठडीत छळ सोसलेल्या कैद्याचे हे विधान असल्याने ते एकटे पुरेसे नव्हते. परंतु जॉर्जटाउन विद्यापीठात आसरा नोमानी व बार्बरा फाइनमन टॉड यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी केलेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अन्वेषणात चित्रफितीतील हाताच्या शिरांच्या तुलनेचा दाखला आला. अपहरण आणि हत्या ही दोन भिन्न गटांची कृत्ये होती, एकंदर २७ जणांचा त्यांत सहभाग होता, आणि शिक्षा झालेले चौघे हत्येच्या वेळी तेथे नव्हते, असे त्यातून पुढे आले. एका केंद्रातून चाललेल्या कटाऐवजी हातोहात फिरलेला बंदिवान, असे हे चित्र आहे. ते कमी नाट्यपूर्ण असले तरी अधिक भयावह आहे, कारण त्यात एक मूळ तोडून वृक्ष पडत नाही.

या प्रकरणाचा न्यायालयीन शेवटही बोधप्रद आहे. एप्रिल २०२० मध्ये सिंध उच्च न्यायालयाने ओमरला हत्येच्या आरोपातून मुक्त करून केवळ अपहरणाची शिक्षा ठेवली. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. अभियोगपक्षाचा पुरावा संशयापलीकडे ठरला नाही. जेथे पुरावा घाईने उभा केला जातो, तेथे बहुधा दोषी असलेला मनुष्यही सुटतो. लेव्ही यांचा ग्रंथ प्रश्न जागा ठेवण्याचे मोठे कार्य करतो, आणि २००३ साली ते करणारे थोडेच होते. परंतु शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर अखेर कल्पनेच्या सामर्थ्यापेक्षा शिरांच्या तुलनेसारख्या नीरस, चिकाटीच्या कामातून मिळू लागले. संशोधनाची पद्धती शिकणाऱ्यांनी हा ग्रंथ त्या अन्वेषणाशेजारी ठेवून वाचावा.