‘चुकण्या’ची भीती : एका मापनश्रेणीचे परीक्षण

आपण नसताना इतरांना काही सुखद लाभत असावे, ही समाजमाध्यमांच्या वापरकर्त्याची धाकधूक मोजण्याची श्रेणी अँड्र्यू प्शिबिल्स्की व त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये मांडली. तीत १० विधाने आहेत व प्रत्येकास ५ पर्याय. स्वायत्तता, कर्तृत्वक्षमता आणि आप्तसंबंध या गरजा अपुऱ्या राहिल्या की ही भीती बळावते, हे तिच्यामागील प्रमेय होय. भीतीचे मूळ यंत्रात न शोधता माणसाच्या गरजांत शोधले, हे या निबंधाचे श्रेय निःसंशय मोठे आहे.

परंतु श्रेणीतील एक विधान ठरलेला मेळावा अंतरल्यास मनाला लागते, अशा आशयाचे आहे. ते गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा येथे नेऊन पाहावे. हावडा-मुंबई लोहमार्गावरील, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या या लहानशा स्थानकावर कचारगडच्या गुहेकडे जाणारे यात्रेकरू उतरतात. कोंडलेल्या मुलांची लिंगो आणि जंगो यांनी येथूनच सुटका केली, अशी कोया परंपरेची श्रद्धा असल्याने माघ पौर्णिमेस अनेक राज्यांतील गोंड समाज येथे लोटतो. ज्याने भ्रमणध्वनी कधी हाती धरला नाही असा यात्रा अंतरलेला वृद्धही या विधानास ‘पूर्णतः’ असेच उत्तर देईल. आणि शेजारच्या हाजरा धबधब्याची पावसाळी दृश्ये मध्यरात्रीपर्यंत चाळणाऱ्या विद्यार्थ्याइतकेच गुण त्या विधानापुरते त्याच्याही नावे मांडले जातील.

श्रेणी मराठीत उतरवताना ही अडचण अधिकच उघडी पडते. ‘वंचित राहण्याची भीती’ हा पर्याय सोयीचा खरा, पण ‘वंचित’ या शब्दाला आज सामाजिक अन्यायाचा जो अर्थ चिकटला आहे तो येथे अस्थानी ठरतो. ‘चुकणे’ हे क्रियापद अधिक जवळचे. वारी चुकते, नेम चुकतो, गाडीही चुकते. आणि हिशेबही चुकतोच. हुकणे आणि दोष घडणे या दोहोंना मराठीने एकच शब्द दिला असल्यामुळे वारी चुकलेल्या माणसाला सुख गमावल्याची हळहळ नसते, कर्तव्य राहून गेल्याची टोचणी असते. (गोंडी भाषकाच्या मनात अशा वेळी कोणता शब्द उभा राहतो, याचे उत्तर मराठी कोशात सापडणारे नव्हे.)

शिवाय यात्रेला तिथी असते. यंदाची पौर्णिमा हुकली तर पुढल्या माघात तिची भरपाई होते, आणि मधल्या काळात मन निर्वेध राहू शकते. पडद्यावरील प्रवाहाला तिथी नाही. तेथे नेमके काय हुकले हे वापरकर्त्याला सांगता येत नाही, म्हणून भरपाईही नाही. हा भेद एकूण गुणसंख्येत बुजून जातो, आणि यात्रेला जाणारा सबंध समाजच ‘भीतिग्रस्त’ ठरण्याचा धोका उद्‌भवतो. श्रेणी या प्रदेशात वापरावयाची झाल्यास मेळाव्याविषयीचे ते विधान एकूण बेरजेतून वेगळे काढावे आणि उत्तरे माघात एकदा व श्रावणात एकदा, अशी दोनदा घ्यावीत.